हिवाळ्यासाठी बाग आवरताना: थंडीआधी पाण्याचा विचार करा

न्यू जर्सीतल्या मराठी घरांच्या मागच्या अंगणात मे महिन्यात हौसेला उधाण येतं. भेंडी, गवार, दोडका, अळू, मिरच्या, टोमॅटो, शिवाय दसऱ्याच्या तोरणासाठी झेंडू. सगळा उन्हाळा लोक एकमेकांना पिशव्या भरभरून भाज्या देतात. ऑक्टोबर लागला की ही हौस ओसरते. काही जण बाग आहे तशी सोडून घरात जातात आणि थेट एप्रिलमध्ये मागचं दार उघडतात. काही जण नेमकं उलट करतात: एका शनिवारी सगळं मुळासकट उपटायचं, पडलेली पानं कागदी पिशव्यांत भरून रस्त्याकडेला ठेवायची, वाफे झाडून लख्ख करायचे. दोन्हींचं नुकसान लगेच दिसत नाही. ते वसंतात दिसतं, आणि मग "यंदा थंडीच फार होती" असं म्हणून आपण मोकळे होतो.

थंडी फार असते हे खरंच. पण बागेतल्या बऱ्याच झाडांचा घात करतं ते पाणी. पानातलं पाणी गोठतं, मातीतलं पाणी गोठताना मुळं वर ढकलतं, गोठलेल्या जमिनीतून पाणी मिळत नाही म्हणून सदाहरित झुडपं वाळतात, कुंडीच्या भाजलेल्या मातीत मुरलेलं पाणी कुंडी फोडतं आणि नळात अडकलेलं पाणी पाइप फोडतं. पाणी कुठे आहे, कुठे गोठेल आणि कुठे कमी पडेल, एवढं लक्षात घेतलं की ऑक्टोबर-नोव्हेंबरची कामं पाठ करावी लागत नाहीत, समोर बाग बघूनच सुचत जातात.

पहिला फ्रॉस्ट

मध्य न्यू जर्सीत पहिला फ्रॉस्ट, म्हणजे जमिनीवर आणि पानांवर गोठलेल्या दवाचा पांढरा थर, साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून अखेरीपर्यंत केव्हाही पडतो. वायव्येकडच्या डोंगराळ भागात तो आधी येतो, समुद्रकाठाला नोव्हेंबर उजाडतो. अमेरिकन कृषिखात्याचा झाडांच्या काटकपणाचा नकाशा, ज्याला सगळे 'झोन'चा नकाशा म्हणतात, 2023 मध्ये नव्याने निघाला. त्यात देशाचे 13 पट्टे आहेत आणि प्रत्येक पट्टा 10 अंश फॅरनहाइटचा आहे. मध्य न्यू जर्सी सातव्या पट्ट्यात येतं. म्हणजे तिथे वर्षातली सगळ्यात थंड रात्र सरासरीने 0 ते 10 अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे उणे 18 ते उणे 12 अंश सेल्सिअसच्या दरम्यान असते. हा नकाशा झाड हिवाळ्यात जगेल का एवढंच सांगतो. फ्रॉस्ट कधी पडेल हे त्यावरून कळत नाही. रोपवाटिकेत झोनची पाटी बघून खरेदी करणाऱ्यांचा इथे हमखास गोंधळ होतो.

फ्रॉस्टची गंमत अशी की हवामानाचा अंदाज 36 अंश फॅरनहाइट, म्हणजे 2 अंश सेल्सिअसच्या वर सांगत असतो आणि सकाळी गवत पांढरं झालेलं असतं. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात दवबिंदू गोठल्याची बातमी आपण दर हिवाळ्यात वाचतो. तेव्हाही गावातला पारा शून्याच्या बराच वर असतो. कारण सोपं आहे. तापमान मोजतात ते जमिनीपासून माणसाच्या छातीच्या किंवा डोक्याच्या उंचीवर. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन आणि पानं आपली उष्णता सरळ आकाशाकडे टाकत राहतात. ढग असते तर त्यांनी ती अडवून परत खाली पाठवली असती. वारा असता तर वरची उबदार हवा खाली मिसळली असती. दोन्ही नसलं की जमिनीलगतचा वीतभर थर वरच्या हवेपेक्षा कितीतरी थंड होतो. म्हणून अंदाजात आकडा 36 ते 38 असेल, आकाश स्वच्छ असेल आणि पान हलत नसेल, तर ती रात्र फ्रॉस्टची धरावी. तोच आकडा ढगाळ, वाऱ्याच्या रात्री असेल तर खुशाल झोपावं.

अशा रात्री जुनी चादर पांघरायची ती झाडाला ऊब देण्यासाठी नव्हे. चादर स्वतः काही तापत नाही. जमिनीतून रात्रभर वर येणारी उष्णता ती अडवते. म्हणून चादरीच्या कडा जमिनीला टेकल्या पाहिजेत आणि दगडांनी दाबल्या पाहिजेत. झाडाच्या डोक्याला फडकं बांधल्यासारखी चादर खोडाशी आवळली तर जमिनीची ऊब बाहेरच राहते आणि सगळा खटाटोप वाया जातो. प्लॅस्टिक पानाला चिकटलं तर तिथे पान हमखास करपतं, त्यामुळे कापडच बरं. संध्याकाळी मातीला पाणी द्यावं, कारण ओली माती दिवसाची उष्णता जास्त साठवते. निफाडचे द्राक्षबागायतदार थंडीची लाट आली की पहाटे बागेला पाणी सोडतात आणि शेकोट्या पेटवतात, त्यामागेही उष्णता साठवण्याचा आणि अडवण्याचाच हिशोब आहे.

पानाच्या आत काय होतं

पान म्हणजे पाण्याने भरलेल्या पेशी. पालक, केल, गाजर, लसूण यांसारखी थंडीची झाडं दिवस लहान होऊ लागले की तयारीला लागतात. पेशींमध्ये साखर वाढवतात. साखरेचं पाणी साध्या पाण्यापेक्षा कमी तापमानाला गोठतं. शिवाय या झाडांत बर्फ आधी पेशींच्या मधल्या फटींत तयार होतो, पेशींतलं थोडं पाणी त्या बर्फाकडे ओढलं जातं आणि आत उरलेला रस आणखी दाट होऊन न गोठता टिकतो. सकाळी मान टाकलेली केलची पानं दुपारी पुन्हा ताठ उभी राहतात ती यामुळे. फ्रॉस्ट खाऊन आलेलं गाजर आणि पालक जास्त गोड लागतात, त्याचं कारणही हीच साखर.

आपली उष्ण प्रदेशातली झाडं ही विद्या जाणत नाहीत. भेंडी, मिरची, टोमॅटो, अळू, झेंडू यांच्या पेशींना बर्फ सोसत नाही आणि त्यांची आवरणं फाटतात. उन्हं वर आली की पान उकडलेल्या पालेभाजीसारखं काळपट, लिबलिबीत होऊन लोंबतं. तुळस आणि बेसिल तर गोठण्याचीही वाट बघत नाहीत. 10 अंश सेल्सिअसच्या खाली सलग रात्री गेल्या की त्यांच्या पेशींची आवरणं बिघडायला लागतात आणि पानांवर काळे डाग पडतात. त्यामुळे "अजून फ्रॉस्ट कुठे पडलाय" असं म्हणत तुळस डेकवर ठेवण्यात अर्थ नाही.

यातूनच आणखी एक गोष्ट निघते, जी लोकांना सहसा कुणी सांगत नाही. ऑगस्टनंतर नत्राचं खत देऊ नये आणि शरद ऋतूत छाटणीची कात्री आवरती घ्यावी. दोन्हींमुळे नवी, कोवळी फूट येते. तिच्यात पाणी भरपूर आणि साखर कमी असते, आणि पहिल्या कडक थंडीत ती मरते. गुलाबाची लांब फांदी वाऱ्याने हेलकावे खात असेल तर तेवढी आखडून घ्यावी, बाकीची छाटणी वसंतात. कलमी गुलाबाच्या बुडाशी मात्र नोव्हेंबरअखेर फूटभर उंचीपर्यंत माती किंवा कंपोस्टचा ढीग लावावा, म्हणजे कलमाचा सांधा झाकला जातो.

घरात यायची मंडळी

कढीपत्ता, मोगरा, तुळस, अळू, हळद: मराठी बागेचा जीव यांच्यात असतो, आणि हीच झाडं इथल्या पुस्तकी याद्यांत सापडत नाहीत. म्हणून यांच्यावर जरा थांबते.

कढीपत्ता रात्री 50 अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे 10 सेल्सिअसच्या खाली जाऊ लागल्या की आत घ्यावा. न्यू जर्सीत हे सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला होतं, फ्रॉस्टच्या बरंच आधी. आत घेण्यापूर्वी पानं उलटी करून नीट बघावीत. शिरांलगत तपकिरी, चिकट खवले, पानांच्या बेचक्यात पिठ्या ढेकणाचा पांढरा कापूस, किंवा पानावर बारीक फिकट ठिपके आणि खाली जाळं असेल तर लाल कोळी. बाहेर पाऊस आणि मित्रकीटक यांना आवरून धरतात. घरातल्या कोरड्या, उबदार हवेत त्यांना मोकळं रान मिळतं. झाड आडवं धरून पानांच्या खालच्या बाजूवर पाण्याचा जोरदार फवारा मारावा, मग साबणाचं सौम्य पाणी, आणि आठवड्याने पुन्हा एकदा. एका फवारणीत अंडी मरत नाहीत.

आत आल्यावर कढीपत्ता पिवळा पडतो, पानं गाळतो, आणि घरातले घाबरून त्याला जास्त पाणी घालू लागतात. बहुतेक कढीपत्ते इथे थंडीने नव्हे, या पाण्याने मरतात. उजेड कमी झाला की झाड पाणी कमी पितं. कुंडीची माती ओलीच राहिली तर मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. बोट दोन पेरं मातीत घालावं. आत कोरडं लागलं तरच पाणी द्यावं. खत मार्चपर्यंत बंद. दक्षिणेकडच्या खिडकीत ठेवावा, पण हीटरच्या झरोक्यावर नको. पानं गळून काड्या उरल्या तरी फेकू नये. नखाने साल किंचित खरवडावी, खाली हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे.

कढीपत्त्याचं नवं रोप मागवणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. कढीपत्ता लिंबू-संत्र्याच्या कुळातला आहे आणि सिट्रस सायला नावाची कीड त्यावर आनंदाने राहते. विदर्भातल्या संत्राबागायतदारांना ही कीड चांगली ठाऊक आहे. फ्लोरिडातल्या संत्र्याच्या बागा ज्या ग्रीनिंग रोगाने उद्ध्वस्त झाल्या, तो हीच कीड पसरवते. त्यामुळे फ्लोरिडासारख्या बाधित भागांतून रोपं बाहेर पाठवण्यावर कृषिखात्याचे निर्बंध आहेत. भारतातून सामानात फांदी आणायचा तर विचारही नको.

तुळशीची गोष्ट वेगळी. तुळशीचं लग्न कार्तिकात, म्हणजे बहुतेक वर्षी नोव्हेंबरात येतं आणि न्यू जर्सीत तोवर फ्रॉस्ट पडून गेलेला असतो. लग्नाला तुळस हिरवी हवी असेल तर ती सप्टेंबरातच आत यायला हवी. एकदम अंगणातल्या उन्हातून खोलीत आणली तर पानं गाळते, म्हणून आधी आठवडाभर सावलीत ठेवून मग आत घ्यावी. मंजिऱ्या खुडत राहिलं तर ती जास्त टिकते, पण दोन-तीन मंजिऱ्या झाडावरच वाळू द्याव्यात. जुनी तुळस फेब्रुवारीपर्यंत रोडावली तरी हातात बी असतं. मार्चमध्ये खिडकीत पेरलं की उन्हाळ्याला ताजं रोप तयार. खोड जाड झालेली जुनी तुळस हट्टाने जगवण्यापेक्षा दर वर्षी बियांपासून नवी करणं मला जास्त पटतं.

मोगऱ्याला थोडी थंडी मानवते, फ्रॉस्ट मानवत नाही. गराजशेजारची, उजेडाची, जराशी गार खोली त्याला उत्तम. अळूचे कंद मात्र झाडाला एकदा हलका फ्रॉस्ट लागून पानं पडली की काढावेत. पानं बुडाशी कापायची, कंद खणून माती झटकायची, धुवायचे नाहीत. गराजमध्ये काही दिवस वाळवून कोरड्या पीट मॉसमध्ये, म्हणजे कुजलेल्या शेवाळाच्या भुशात, किंवा फाडलेल्या वर्तमानपत्रात घालून, पुठ्ठ्याच्या खोक्यात, बेसमेंटच्या गार कोपऱ्यात ठेवायचे. 45 ते 55 अंश फॅरनहाइट त्यांना योग्य. प्लॅस्टिकच्या पिशवीत घाम धरून कुजतात. कुंडीतली हळद पानं पिवळी पडली की काढावी. घरात वापरायची ती वापरावी आणि चार-सहा जाड कंद पुढच्या लागवडीला ठेवावेत. डेलियाचे कंदही असेच.

शेवटची तोडणी

पहिल्या फ्रॉस्टच्या आदल्या दिवशी टोमॅटोवर हिरवी फळं लटकलेली असतातच. पूर्ण वाढलेली, किंचित फिकट झालेली फळं घरात पिकतात. खिडकीत उन्हाला ठेवायची गरज नाही. पिकण्याला ऊन नव्हे, फळातूनच निघणारा इथिलीन वायू लागतो, म्हणून कागदी पिशवीत एखाद्या केळ्याबरोबर ठेवावीत. फ्रिजमध्ये ठेवली तर चव जाते. जी अगदी गडद हिरवी, टणक आणि लहान आहेत ती पिकणार नाहीत. त्यांची दाण्याचं कूट आणि तीळ घालून चटणी करावी. दसऱ्याला बहुधा झेंडू वाचलेला असतो, दिवाळीला सहसा नाही. वाळलेल्या फुलांचं बी धरून ठेवावं.

काय उपटायचं आणि काय ठेवायचं

इथे माझं मत ठाम आहे: आवरायचं ते रोग, झाडायची ती माती नव्हे.

टोमॅटोच्या खालच्या पानांवर वर्तुळात वर्तुळ असे तपकिरी डाग उन्हाळ्यात दिसले असतील तर तो अर्ली ब्लाइट म्हणजे लवकर येणारा करपा. बारीक, मध्ये राखाडी ठिपके असतील तर सेप्टोरिया. दोन्ही बुरशी वाळलेल्या पानांवर आणि देठांवर हिवाळा काढतात आणि पुढच्या वर्षी पावसाच्या थेंबाबरोबर खालच्या पानांवर उडतात. ही झाडं पानांसकट बागेबाहेर काढावीत, घरच्या कंपोस्टमध्ये टाकू नयेत. घरचा ढीग रोग मरेल इतका तापत नाही. भोपळा, दोडका, काकडीचे वेलही काढावेत, कारण त्यांच्या कचऱ्याखाली स्क्वॉश बग दडून राहतात.

घेवडा, वाटाणा, गवार यांवर रोग नसेल तर ती उपटू नयेत, जमिनीलगत कापावीत. मुळं आत राहिली की हिवाळाभर माती धरून ठेवतात आणि कुजल्यावर त्यांच्या जागी हवा-पाणी जायला वाटा उरतात. उघडा, खणलेला वाफा दिसायला छान असतो, पण पाऊस आणि वितळता बर्फ त्याची वरची सुपीक माती वाहून नेतात.

झाडांची पानं हा या देशातला सगळ्यात दुर्लक्षित ठेवा आहे. ऑक्टोबरात प्रत्येक घर ती गोळा करून फेकतं आणि एप्रिलमध्ये तेच घर दुकानातून पिशवीभर मल्च, म्हणजे मातीवर पसरायचं आच्छादन, विकत आणतं. आपल्याकडे पालापाचोळ्याचं खत करणाऱ्या घरांत वाढलेल्या माणसाला हे बघवत नाही. अख्खी पानं वाफ्यावर टाकली तर ओली होऊन चिकटतात आणि खाली हवा जात नाही. त्यावरून गवत कापायचं यंत्र दोनदा फिरवलं की त्यांचा चुरा होतो. तो वाफ्यावर तीन-चार इंच पसरावा. उरलेली पानं कोपऱ्यात ढीग करून ठेवली तर वर्ष-दोन वर्षांत काळं, भुसभुशीत पानखत मिळतं.

कुंपणालगत आणि झाडांखाली मात्र पानं अख्खीच राहू द्यावीत. भुंग्यासारख्या दिसणाऱ्या बंबल बीच्या राण्या, काही फुलपाखरांच्या अळ्या आणि कोश, काजव्यांच्या अळ्या त्या पानांखाली किंवा खालच्या मातीत हिवाळा काढतात. उन्हाळ्यात मुलांना काजवे दाखवायचे असतील तर ऑक्टोबरात ती जागा राखली पाहिजे. कोनफ्लॉवर, सूर्यफूल यांची वाळलेली डोकीही उभी ठेवावीत. गोल्डफिंच पक्षी त्यांतलं बी टिपायला येतात.

एका किड्याला मात्र दयामाया नको. झाडांचा रस शोषणारा स्पॉटेड लँटर्नफ्लाय अमेरिकेत 2014 मध्ये पेनसिल्व्हेनियात पहिल्यांदा सापडला आणि 2018 मध्ये न्यू जर्सीत आला. त्याचे प्रौढ किडे थंडीत मरतात, अंडी जगतात. सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत झाडाच्या खोडावर, दगडावर, बागेतल्या खुर्चीच्या खालच्या बाजूला, अगदी गाडीच्या चाकाजवळही, वाळलेल्या चिखलाचा राखाडी लपका दिसला तर तो नीट बघावा. एका लपक्यात 30 ते 50 अंडी असतात. जुन्या प्लॅस्टिक कार्डाने खरवडून रबिंग अल्कोहोल घातलेल्या पिशवीत टाकावीत. नुसती खाली पाडली तर त्यातली काही उबतात.

जमीन उचलली जाते ती अशी

मिनेसोटासारख्या ठिकाणी जमीन एकदा गोठली की वसंतापर्यंत गोठलेलीच राहते आणि वर बर्फाची जाड गादी असते. न्यू जर्सीत तसं होत नाही. दुपारी 50 अंश फॅरनहाइट, रात्री 20 अंश, माती गोठते, विरघळते, पुन्हा गोठते. झाडांना सगळ्यात जास्त त्रास देतो तो हाच प्रकार.

पाणी गोठताना साधारण 9 टक्के फुगतं. पण जमीन उचलली जाण्याचं मुख्य कारण वेगळं आहे. वरचा थर गोठू लागला की खालचं पाणी मातीच्या बारीक छिद्रांतून वर ओढलं जातं आणि तिथे येऊन गोठत राहतं. बर्फाचा थर जाडजाड होत जातो आणि वरची माती उचलतो. डिसेंबरातल्या एखाद्या सकाळी उघड्या वाफ्याजवळ वाकून बघा. मातीची पातळ खपली वर उचललेली दिसते आणि तिच्याखाली बर्फाच्या काड्या, केसांच्या फणीसारख्या, शेजारी शेजारी उभ्या असतात. बुटाने हलकं दाबलं की कर्र असा आवाज येतो. ही माती उचलली जाताना स्ट्रॉबेरीचं किंवा ऑक्टोबरात लावलेलं लहान रोप तिच्याबरोबर वर येतं, मुळं तुटतात, आणि माती खाली बसली तरी रोप वरच राहतं. उघड्या पडलेल्या मुळांना मग वारा वाळवतो.

म्हणूनच आच्छादन, म्हणजे मल्च, थंडी आत जाऊ नये म्हणून घालतात हा समज अर्धवट आहे. त्याचं खरं काम तापमान एकसारखं ठेवण्याचं. जमीन गोठली असेल तर गोठलेलीच राहावी, दुपारच्या उन्हाने विरघळू नये. त्यामुळे बारमाही झाडांभोवतीचं जाड आच्छादन ऑक्टोबरात घाईने घालू नये. जमिनीचा वरचा थर एकदा गोठला, की नोव्हेंबरअखेर किंवा डिसेंबरात घालावं. आधी घातलं तर उबदार मातीत उंदरासारखे व्होल घर करतात आणि हिवाळाभर साल कुरतडतात. झाडाच्या खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी सोडावी, तीही याचसाठी. बर्फ पडला तर तो ढकलून काढू नये. ताज्या बर्फात हवा भरपूर असते आणि तो उत्तम पांघरूण असतो.

लसूण लावायचा तो याच दिवसांत, ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत. महाराष्ट्रातही रब्बीचा लसूण साधारण याच सुमारास लावतात, पण तिथे तो फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो आणि न्यू जर्सीत जुलै उजाडतो. कडक देठाच्या जातींना थंडी लागतेच. ती मिळाली नाही तर पाकळ्या न पडता एकच गोल कांडी तयार होते. पाकळी टोक वर करून दोन-तीन इंच खोल, सहा इंचांवर लावावी. किराणा दुकानातल्या लसणापेक्षा शेतकरी बाजारातून स्थानिक लसणाचा गड्डा आणावा. वर चार-सहा इंच पेंढा. पेंढाच, वाळलेल्या गवताचा गठ्ठा नको, त्यात बी असतं आणि पुढच्या वर्षी सगळा वाफा गवताने भरतो. डिसेंबरात हिरवी टोकं दिसली तर काळजी नको.

थंडीतली तहान

रोडोडेंड्रॉन, होली, आर्बरव्हाइटी या सदाहरित झुडपांची पानं हिवाळ्यातही ऊन आणि वारा झेलत पाणी गमावत असतात. जमीन गोठल्यावर मुळांना ते परत मिळत नाही. मार्चमध्ये तपकिरी पडलेलं झुडूप बहुधा तहानेने गेलेलं असतं. रोडोडेंड्रॉन कडाक्याच्या सकाळी आपली पानं विडीसारखी गुंडाळून खाली सोडतं, ते त्याचं संरक्षण असतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. शरद ऋतू कोरडा गेला तर जमीन गोठेपर्यंत या झाडांना आठवड्याला इंचभर पाणी मिळेल असं बघावं. भाजीचं काम संपलं म्हणून होज, म्हणजे पाण्याची लांब नळी, गुंडाळून ठेवण्याची घाई इथे महागात पडते.

अंजिराचा प्रश्नही काही अंशी तहानेचाच. पुरंदरच्या अंजिराची चव जिभेवर असलेले पुष्कळ जण न्यू जर्सीत अंजीर लावतात. इथे ते टिकवायची रीत इटलीहून आलेल्या कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या जपली आहे, आणि शेजारी असं एखादं घर असेल तर त्यांना जरूर विचारावं. पानं गळाली की फांद्या दोरीने हलक्या हाताने एकत्र बांधायच्या, भोवती गोणपाट गुंडाळायचं, मधल्या पोकळीत कोरडी पानं भरायची आणि वर बादली पालथी घालायची, म्हणजे पावसाचं पाणी आत जाऊन गोठत नाही. थेट प्लॅस्टिक गुंडाळू नये, दिवसा आत तापतं आणि झाड जागं होतं. वरच्या फांद्या मेल्या तरी मुळं जगतात आणि फूट येते, पण फळाला उशीर होतो.

कुंड्या, नळ आणि माती

मातीच्या कुंडीची भाजलेली भिंत पाणी शोषते, ते गोठून फुगतं आणि भिंतीचे पापुद्रे सुटतात. रिकाम्या करून कोरड्या जागी पालथ्या ठेवाव्यात. बाहेर कुंडीत ठेवायच्या झाडाची मुळं चहूबाजूंनी थंडीला उघडी असतात, त्यामुळे आपल्या पट्ट्यापेक्षा दोन पट्टे जास्त थंडी सोसणारं झाडच कुंडीत बाहेर ठेवावं.

बाहेरचा नळ नोव्हेंबरात बंद करताना घरातल्या झडपेपासून सुरुवात करावी. ती बंद करून बाहेरचा नळ उघडा, आत उरलेलं पाणी वाहून जाऊ द्या. होज काढलाच पाहिजे. 'फ्रॉस्ट-फ्री' नळ भिंतीच्या आत दूरवर पाणी अडवतो आणि उरलेलं बाहेर सांडू देतो, पण होज लावलेला राहिला तर ते पाणी सांडतच नाही आणि पाइप भिंतीच्या आत फुटतो. वसंतात नळ सोडल्यावर बेसमेंट ओलं दिसलं तर कारण बहुधा हेच.

मातीची तपासणी करायची तर हीच वेळ. रटगर्स विद्यापीठाची मृदा प्रयोगशाळा घरगुती बागेचे नमुने तपासते. इथली माती बहुधा आम्लधर्मी असते आणि चुना टाकायचा सल्ला मिळाला तर तो आत्ताच टाकावा, कारण त्याचा परिणाम व्हायला महिने लागतात. खुरपी, फावडी धुऊन, वाळवून, लोखंडाला तेलाचा हात आणि लाकडी दांड्यांना जवसाचं तेल लावावं.

मार्चमध्ये पहिल्या उबदार रविवारी सगळं उघडून टाकायचा मोह होतो. अंजिराचं गोणपाट एप्रिलपर्यंत राहू द्या. लसणावरचा पेंढा बाजूला सारला तरी वाफ्याशेजारीच ठेवा, एखादी कडक रात्र अजून यायची असते. वाळलेले देठ आणि पानं उचलायला दिवस चांगले उबदार होऊ द्या, आतले किडे तेव्हा बाहेर पडतात. कढीपत्ता आणि मोगरा मेच्या मध्यापर्यंत आतच. आणि वाफा खणण्याआधी मूठभर माती घेऊन दाबा. गोळा बोटाने टिचकी मारल्यावर फुटला तर खणायला हरकत नाही. चिकट गोळाच राहिला तर माती अजून फार ओली आहे, आठवडाभर थांबून पुन्हा बघा.